ब्लॅकलिस्टमधून आयपी काढला तरी आठ दिवसांत पुन्हा अडकते? आधी आपल्याच नेटवर्कमधून काय बाहेर जाऊन राहिलं ते पाहा

"भाऊ, मेल पुन्हा वापस येऊन राहिले." कापसाच्या गाड्या लागल्या की हा फोन येणारच. तीन सीझन येत होता. या एका प्रश्नावर माझ्या जेवढ्या रात्री गेल्या तेवढ्या दुसऱ्या कशावर गेल्या नाहीत, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवतो, ज्याच्यावर ही वेळ आली असेल त्याच्या तरी रात्री वाचतील.

माझं काम कॉम्प्युटर आणि नेटवर्किंगचं, पांढरकवड्याच्या इकडे. जिनिंग, पतसंस्था, कृषी केंद्रं, एक कॉलेज असे गिऱ्हाईक. नागपूरहून माणूस बोलवायचा म्हणजे त्याचा एक दिवस आणि आपले पैसे, त्यामुळे जे काय ते आपल्यालाच शिकून करावं लागते. ज्या जिनिंगचं सांगतो तिचं नाव घेत नाही. तिथले लोक चांगले आहेत आणि हे कोणाच्याही जिनिंगमध्ये होऊ शकते.

नेटवर्क असं होतं: ऑफिसात चार कॉम्प्युटर, धर्मकाट्यावर एक, लॅबमध्ये एक, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, एक स्कॅनरवाला प्रिंटर, आणि गेटवर शेतकऱ्यांसाठी वायफाय, कारण गाडी खाली व्हायला कधी कधी रात्र होते आणि तेवढा वेळ माणूस काय करेल. कोपऱ्यात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून स्वतःचा मेल सर्व्हर, पोस्टफिक्स नावाच्या सॉफ्टवेअरवाला. कोणीतरी आधी लावून दिलेला, बिलं आणि रिपोर्ट त्याच्यावरून जायचे. या सगळ्यांना बाहेर पडायला स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, एकच. इथंच सगळी गोम आहे. बाहेरच्या जगाला तुमचा काट्यावरचा कॉम्प्युटर वेगळा आणि मेल सर्व्हर वेगळा असं काही दिसत नाही, एकच आयपी दिसते, आणि आतल्या एकानं घाण केली की नाव सगळ्यांचं खराब होते.

आणि नाव खराब झालं म्हणजे काय होते ते सांगतो. शंभर गाठींचा लॉट तयार, १७० किलोची एक गाठ, लॅबचा रिपोर्ट निघाला, लांबी, मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा), ओलावा, कचरा सगळं भरून रिपोर्ट कोइम्बतूरच्या पार्टीला मेल केला. इकडे आपण समजून राहिलो की गेला, तिकडे पार्टी वाट पाहून राहिली. संध्याकाळी फोन आला की रिपोर्ट नाही आला तर आम्ही दुसरीकडून माल घेतो. मुनीमजीनं मेल उघडून पाहिला तर बाउन्स, म्हणजे मेल पोहोचला नाही असं सांगणारा मेल, येऊन पडलेला, सकाळपासून.

पहिल्या सीझनला मी काय केलं, तर ब्लॅकलिस्टच्या (ज्या आयपीवरून स्पॅम जाते त्यांची यादी, ती पाहून बाकीचे सर्व्हर मेल अडवतात) साइटवर गेलो, आयपी टाकला, काढून टाकायची विनंती केली, निघाला. सगळे खूश. आठ दिवसांनी पुन्हा अडकला. पुन्हा काढला. पाच दिवसांनी पुन्हा. आपल्याकडे ढोर दुसऱ्याच्या तुरीत शिरलं की कोंडवाड्यात जाते, आपण दंड भरून सोडवून आणतो, पण घरी आणून दाव्याला बांधलं नाही तर ते उद्या पुन्हा त्याच तुरीत. मी तेच करत होतो. सोडवून आणत होतो आणि बांधत नव्हतो. फायरवॉल म्हटलं की आपण सगळे बाहेरून आत कोण येते याचं कुंपण घालतो, आतून बाहेर काय जाते इकडे कोणी पाहतच नाही.

तर आधी बाउन्स वाचा. इंग्रजीत असते म्हणून ऑफिसात कोणी वाचत नाही, डिलीट मारतात. त्याच्यात ५५० किंवा ५५४ असा आकडा असते, बहुतेक त्याच्या पुढं ५.७.१, आणि कोणत्या लिस्टनं अडवलं तिचं नाव. आमच्या वेळी स्पॅमहाउस होतं. ही १९९८ पासूनची संस्था आहे आणि जगभरातले पुष्कळ मेल सर्व्हर तिची लिस्ट विचारून मग मेल घेतात. तिच्या लिस्टा वेगवेगळ्या आहेत आणि तुम्ही कोणत्या लिस्टमध्ये आहात त्यावरून आजार कळते. आपला आयपी लिस्टमध्ये आहे का हे डीएनएसमधून (इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधायची सोय) विचारल्यावर जे उत्तर येते त्यात शेवटचा आकडा पाहायचा: १२७.०.०.२ म्हणजे एसबीएल, स्पॅम पाठवणारा म्हणून नोंद. ३ म्हणजे सीएसएस, पाठवण्याची पद्धत संशयास्पद. ४ ते ७ म्हणजे एक्सबीएल, आत कुठलं तरी मशीन कोणाच्या तरी ताब्यात गेलेलं आहे. आणि १० किंवा ११ म्हणजे पीबीएल, यात तुम्ही काही गुन्हा केलेला नाही, फक्त हा आयपी घरगुती वापराच्या रेंजमधला आहे, त्यानं सरळ मेल पाठवायलाच नको असं म्हणणं. पीबीएल पाहून घाबरून अख्ख्या ऑफिसचे कॉम्प्युटर फॉरमॅट मारलेले लोक मी पाहिले आहेत. नका मारू.

अजून एक उत्तर येते, १२७.२५५.२५५.२५४. हे लिस्टिंग नाहीच. तुम्ही गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसवरून विचारलं म्हणून त्यांनी उत्तर नाकारलं, एवढाच त्याचा अर्थ. पण तुमच्या मेल सर्व्हरला हे समजत नसेल तर तो प्रत्येक येणारा मेल स्पॅम समजून फेकून देते. एका पतसंस्थेत असंच झालं होतं, दोन दिवस एकही मेल आत आला नाही.

आमचं उत्तर ४ आलं. म्हणजे आतलं मशीन. आता कोणतं?

कॉम्प्युटरवर जाऊन अँटिव्हायरस फिरवत बसू नका, ते नंतर. राउटर पाहा, कारण बाहेर जायचा रस्ता एकच आहे आणि तो राउटरमधून जाते. कनेक्शनच्या यादीत जा आणि जिथं बाहेरचं पोर्ट (कनेक्शन कोणत्या कामाचं ते सांगणारा नंबर) २५ आहे तेवढेच गाळून घ्या. मेल सर्व्हर सोडून दुसरं कोणीही २५ वर जात असेल तर तोच. ऑफिसातला माणूस आउटलुकमधून मेल पाठवतो तेव्हा तो ५८७ किंवा ४६५ वर जाते, लॉगिन पासवर्ड देऊन. २५ हे सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचं पोर्ट आहे. त्याची पद्धत १९८२ साली ठरली तेव्हा नेटवर्कवर मोजकी ओळखीची माणसं होती, पाठवणारा खरा कोण हे विचारायची सोयच ठेवली नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणतंही टाका, चालते. म्हणून स्पॅमवाल्याचं आवडतं पोर्ट तेच.

आमच्या यादीत १९२.१६८.१.३७ हा एक पत्ता होता आणि त्याच्यापुढं बाहेरचे पत्तेच पत्ते, रशिया म्हणू नका ब्राझील म्हणू नका, स्क्रीन रिफ्रेश केली की नवीन वीस-पंचवीस. ३७ नंबर म्हणजे लॅबचा कॉम्प्युटर. जिथं तो पोरगा बिचारा दिवसभर रुईचे नमुने घेऊन बसलेला असतो आणि इंटरनेट वापरतही नाही फारसा. त्याच्यात विंडोज कॉपीचं होतं, आणि ते चालू ठेवायला कोणीतरी पेनड्राइव्हवरून ॲक्टिव्हेटर मारलेला. त्या ॲक्टिव्हेटरच्या पोटात हा पाहुणा बसलेला. विंडोजमध्ये नेटस्टॅट चालवून प्रोसेस नंबर काढता येते आणि टास्क मॅनेजरमध्ये जुळवता येते, पण पक्का शिरलेला असेल तर तो स्वतःला लपवते, म्हणून कॉम्प्युटर काय म्हणते यापेक्षा राउटर काय म्हणते त्यावर विश्वास ठेवा. डेटा काढला, फॉरमॅट मारला, लायसन्सचं विंडोज टाकलं. शेठजी आधी कुरकुरले पैशासाठी, मग मी त्यांना तो परत आलेला रिपोर्ट दाखवला, मग काही बोलले नाही.

मग राउटरवर नियम टाकला. नियमाचा क्रम महत्त्वाचा आहे, नाहीतर टाकून न टाकल्यासारखा. सगळ्यात वर: मेल सर्व्हरच्या पत्त्याला बाहेर २५ वर जायची परवानगी. त्याच्या खाली: बाकी कोणीही २५ वर निघाला तर लॉगमध्ये लिही. त्याच्या खाली: त्याला अडव. लिहिणं आधी आणि अडवणं नंतर, उलटं केलं तर लिहायला काही उरत नाही. अडवताना नुसतं गिळून टाकण्यापेक्षा "नकार" पाठवायचा पर्याय घ्या, म्हणजे एखादं खरं मशीन अडकलं तर त्याच्यावर लगेच एरर दिसते, माणूस दहा मिनिटं फिरणारं चक्र पाहत बसत नाही. आणि नियम टाकल्यावर जुनी कनेक्शनं एकदा साफ करा, कारण जे आधीच चालू आहे ते बऱ्याच राउटरमध्ये या नियमापर्यंत येतच नाही.

हे झाल्यावरच आयपी काढायची विनंती करायची. आधी नाही. आणि फुकट होते ते, स्पॅमहाउस नाव काढायचे पैसे घेत नाही, "इतके हजार द्या, काढून देतो" म्हणणारा कोणी फोनवर भेटला तर ठेवून द्या फोन.

तो सीझन निघाला. मला वाटलं झालं.

दुसऱ्या वर्षी कापूस आला आणि फोनही आला. पुन्हा ४ नंबर. मी राउटरचा लॉग पाहिला तर स्वच्छ, २५ वर कोणी गेलेलंच नाही. चार दिवस डोकं लावलं. सगळे सहा कॉम्प्युटर तपासले. मग लिस्टिंगच्या पानावर शेवटचं कधी दिसलं ती वेळ दिलेली होती तिकडं लक्ष गेलं. ती वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे. मिळवले तर रात्रीचे सव्वादोन. रात्री सव्वादोनला त्या जिनिंगमध्ये फक्त चौकीदार असते आणि त्याच्याकडे साधा फोन. कॉम्प्युटर सगळे बंद, मेन स्विचच खाली. चालू काय काय राहते, तर इन्व्हर्टरवर असलेलं: मेल सर्व्हर, डीव्हीआर आणि राउटर.

मी स्वतः रात्री तिथं जाऊन बसलो. आधी डीव्हीआरची वायर काढली, कारण माझा संशय त्याच्यावर होता, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा करून २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसनं केवढा गोंधळ घातला होता ते वाचलेलं. पण डीव्हीआर नव्हता. मेल सर्व्हरची वायर काढली. तोही नव्हता. आता राउटरला फक्त बाहेरची वायर उरली, आतून काहीच जोडलेलं नाही, आणि बाहेरच्या वायरवरचा दिवा अजून फडफडून राहिला होता. तो दिवा पाहून माझ्या पोटात गोळा आला. राउटरच फुटलेला होता.

आत जाऊन पाहिलं तर सॉक्स प्रॉक्सी (बाहेरच्या माणसाला आपल्या आयपीवरून निघू देणारी सोय) चालू, जी मी कधी लावली नव्हती. शेड्यूलरमध्ये एक स्क्रिप्ट, जी दर काही मिनिटांनी बाहेरून कायतरी आणून चालवायची. २०१८ मध्ये बाजारात खूप चालणाऱ्या एका राउटरमध्ये असं भोक सापडलं होतं की बाहेर बसलेला माणूस पासवर्डची फाईलच वाचून घ्यायचा. दुरुस्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली होती पण ती टाकेल कोण. हा डबा तेव्हाचा, लावला आणि कोणी फर्मवेअरला (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) हात लावला नाही. मीही नाही.

आणि माझा नियम का चालला नाही ते इथं नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण इथंच फसतात. राउटरमध्ये आतून आलेलं आणि बाहेर जाणारं ट्रॅफिक एका साखळीतून जाते, फॉरवर्ड म्हणतात तिला. पण जे राउटर स्वतःच तयार करते ते फॉरवर्डमध्ये येतच नाही, ते आउटपुटमधून जाते. माझा नियम फॉरवर्डवर होता. स्पॅमवाला राउटरच्या प्रॉक्सीत घुसून तिथून निघत होता, म्हणजे आउटपुटमधून, माझ्या नियमाला वळसा घालून. दार बंद करून मी खिडकीत नजर टाकलीच नव्हती. २५ ची बंदी दोन्हीकडे टाका.

फुटलेल्या राउटरला नुसतं अपडेट मारून सोडू नका, पासवर्ड आधीच गेलेला असते आणि लोक अपडेट मारून पासवर्ड तोच ठेवतात. पूर्ण पुसून नव्यानं फर्मवेअर टाका, जुना बॅकअप परत चढवू नका कारण ती स्क्रिप्ट बॅकअपमधूनही वापस येते, नियम हातानं पुन्हा लिहा, अर्धा तास जास्त जाईल. राउटरमध्ये लॉगिन फक्त आतून आणि तेही एकाच कॉम्प्युटरवरून. बाहेरून मॅनेजमेंट बंद म्हणजे बंद, घरून पाहायची सोय म्हणून उघडं ठेवू नका, हे मी स्वतःलाही सांगतो.

त्याच बैठकीत मेल सर्व्हरही उघडून पाहिला आणि तिथं आणखी एक भोक. पोस्टफिक्सच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मुळातली सेटिंगच अशी होती की आपल्या नेटवर्कमधल्या कोणत्याही मशीनचा मेल बिनापासवर्ड पुढं पाठव. २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून ते फक्त त्या एका मशीनपुरतं केलं, पण जुन्या कॉन्फिगात तसंच राहते. याचा अर्थ असा की २५ बाहेर बंद केलं तरी आतला लागण झालेला कॉम्प्युटर आपल्याच मेल सर्व्हरला मेल देणार आणि आपला सर्व्हर, ज्याला परवानगी आहे, तो इमानदारीनं बाहेर सोडणार. "माझे नेटवर्क"च्या यादीतून सगळं काढून फक्त सर्व्हर स्वतः ठेवला आणि बाकी सगळ्यांना ५८७ वर लॉगिन करूनच पाठवा असं केलं.

यानंतर दोन गोष्टी बंद पडल्या आणि ऑफिसातून ओरड झाली, तुमच्याकडेही होईल म्हणून सांगतो. डीव्हीआर रात्री हालचाल दिसली की फोटोचा मेल करायचा तो बंद, आणि प्रिंटरवरून स्कॅन करून सरळ मेल व्हायचा तो बंद. दोघंही जुन्या वळणाचे, २५ वर बिनापासवर्ड जाणारे. दोघांच्या सेटिंगमध्ये पोर्ट ५८७ आणि त्यांच्यासाठी वेगळं खातं, वेगळा पासवर्ड टाकून दिला. म्हणून नियम टाकण्याआधी एक आठवडा नुसता लॉग चालू ठेवून पाहावं, असं मी आता करतो, कोण खरं अडकणार ते आधीच दिसते.

गेटवरचं वायफाय वेगळ्या नेटवर्कवर टाकलं, त्याच्यातून ऑफिसातलं काही दिसत नाही आणि २५ बंद. बाकी मोकळं ठेवलं. रात्रभर गाडीवर बसलेल्या माणसाचं नेट अडवायचं मला काही कारण दिसत नाही.

तिसऱ्या वर्षी फोन आला तेव्हा मी खरंच खचलो होतो. यावेळी ३ नंबर, सीएसएस. राउटर स्वच्छ, आउटपुट स्वच्छ. मेल सर्व्हरची रांग पाहिली, तर रांगेत हजारो मेल तुंबलेले, सगळे एकाच खात्यातून, बरोबर पासवर्ड देऊन, ५८७ वरून. मला वाटलं पासवर्ड चोरीला गेला. खातं विक्री पाहणाऱ्या काकाजींचं. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, मीच पाठवले.

सरकीच्या ढेपेचा भाव होता तो. त्यांना कोणीतरी पेनड्राइव्हमध्ये "व्यापारी आणि डेअरीवाल्यांचे" मेल पत्ते विकले होते, अकरा हजारच्या वर, आणि काकाजींनी रविवारी बसून सगळ्यांना एकदम सोडले. मी म्हटलं, काकाजी हे स्पॅम झालं. त्यांना फार लागलं ते. "आपण का कोणाले फसवून राहिलो का भाऊ? ढेप खरी, भाव खरा, फोन नंबर खरा. यात वाईट काऊन?"

त्यांचा प्रश्न खरा होता म्हणून मी घाईत उत्तर दिलं नाही. स्पॅम म्हणजे खोटा मेल असा आपल्याकडे समज आहे, लॉटरीवाला वगैरे. पण ठरवायचं ते मेल खरा की खोटा यावर नाही, मागितला होता की नाही यावर. न मागितलेला आणि घाऊक, एवढं पुरे. ३ मे १९७८ ला अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क नावाच्या माणसानं तेव्हाच्या आर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) चारशेच्या आसपास लोकांना एकाच वेळी आपल्या नवीन कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली, तोच पहिला स्पॅम धरतात. त्याचाही कॉम्प्युटर खराच होता, माल खरा होता. लोक चिडले ते न विचारता पाठवला म्हणून. काकाजींना हे सांगितलं आणि असंही सांगितलं की त्या अकरा हजारांत कित्येक पत्ते मेलेले आहेत, काही तर स्पॅम पकडायलाच मुद्दाम पेरून ठेवलेले असतात, जे कोणाही माणसाचे नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर मेल आला की पाठवणाऱ्यानं पत्ता विचारून घेतलेला नाही हे आपोआप सिद्ध होते. विकतच्या यादीत ते हमखास येतात. काकाजी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे त्या पोट्ट्याचा कोइम्बतूरचा रिपोर्ट माह्यामुळे अटकला." हो म्हणायला मला जड गेलं.

कायद्याचं लोक विचारतात. आपल्याकडे ईमेल स्पॅमसाठी वेगळा असा कायदा नाही. ट्रायचे (टेलिकॉमवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ चे नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत. आयटी ॲक्टचं कलम ६६अ (त्रास देणाऱ्या मेल-मेसेजबद्दलचं) सुप्रीम कोर्टानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, ते तर वेगळ्याच कारणानं. पण खाजगी नेटवर्क हे मालकाचं घर आहे, तिथं काय चालेल आणि काय नाही हे ठरवायला मालकाला दुसऱ्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. आणि ज्यांना मेल पोहोचवायचा त्यांचे नियम तर कडकच झाले: फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू घाऊक पाठवणाऱ्यांकडून (गूगलच्या हिशेबानं दिवसाला पाच हजार किंवा जास्त) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्याच पाठवणाऱ्याचा आहे का हे तपासायच्या सोयी) तिन्ही मागतात, एका क्लिकवर नाव काढायची सोय मागतात, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा म्हणतात. लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतेच.

मग शेठजी, मुनीमजी, काकाजी आणि मी बसून एक कागद लिहिला. तो ऑफिसात पंख्याच्या बटणाशेजारी चिकटवलेला आहे आणि नवीन माणूस कामावर लागला की त्याची सही घेतात. जसाच्या तसा देतो:

"या जिनिंगच्या नेटवर्कवरून, ज्यांनी मागितला नाही अशा लोकांना एकगठ्ठा मेल पाठवायचा नाही. भाव खरा असला तरी नाही, दिवाळीच्या शुभेच्छा असल्या तरी नाही. पत्त्यांची यादी विकत घ्यायची नाही, कोणी फुकट दिली तरी वापरायची नाही. ज्याला भाव पाहिजे त्याचं नाव आणि मेल रजिस्टरमध्ये त्याच्या सहीनं लिहायचं, नको म्हटलं की त्याच दिवशी काढायचं. बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही. आपल्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही. मेल वापस आला तर डिलीट न करता मुनीमजीला दाखवायचा. गेटच्या वायफायवर बसलेल्या पाहुण्यालाही हेच लागू."

कागदासोबत सर्व्हरवर मर्यादा पण लावली, एका खात्यातून तासाला पन्नासच्या वर पत्त्यांना मेल जाणार नाही. जिनिंगला रोजच्या कामात त्याच्यावर लागत नाही. पासवर्ड खरंच चोरीला गेला तरी पन्नासवर अडकते आणि मला अलर्ट येते, हजारो जात नाहीत. विकतच्या यादीच्या जागी आता रजिस्टर आहे, काकाजी स्वतः सांभाळतात, पहिल्या महिन्यात त्याच्यात बासष्ट नावं झाली, आणि ढेपेचे फोन त्या बासष्टांमधूनच येतात असं तेच सांगतात.

आता बारीकसारीक, जे सुटते.

आयपीव्ही-६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. हल्ली ब्रॉडबँडवाले ते न सांगता चालू करून देतात आणि तुमचा २५ चा नियम बहुतेक राउटरमध्ये फक्त आयपीव्ही-४ ला लागते. ६ ची फायरवॉल वेगळी उघडून तिथंही तोच नियम टाका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

लाईट. आपल्याकडे लाईट जाते आणि राउटर बंद झाला की मेमरीतला लॉग पुसला जाते, म्हणजे ज्या रात्रीचा पुरावा पाहिजे नेमकी तीच रात्र गायब. लॉग मेल सर्व्हरच्या डिस्कवर पाठवायला लावा. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत, तसंही ठेवावं लागते. आणि पुष्कळ राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, लाईट आली की ते १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात, मग सव्वादोनची भानगड कशी जुळवणार. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायची सोय) लावून ठेवा.

ज्यांचा आयपी स्टॅटिक नाही, केबलवाल्याकडून शंभर घरांना मिळून एकच आयपी आहे, त्यांच्याकडे १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला पत्ता राउटरवर दिसते. तिथं शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरमुळे तुम्ही लिस्टमध्ये येता आणि तुमच्या हातात काही नाही. अशानं स्वतःचा मेल सर्व्हर चालवूच नये, कोणत्याही चांगल्या मेल कंपनीचं खातं घ्यावं आणि ५८७ वरून पाठवावं. २५ आपल्याकडून बंद मात्र त्यांनीही ठेवावं, शेजाऱ्यालाही आपला त्रास नको.

या सीझनला गाड्या लागून दीड महिना झाला. परवा मी लॉग पाहायला गेलो तर २५ वर एक अडवलेला प्रयत्न होता, रोज सकाळी दहाच्या सुमारास, धर्मकाट्याच्या कॉम्प्युटरवरून. छातीत धस्स झालं. काट्याचं सॉफ्टवेअर निघालं, नवीन आवृत्ती टाकून गेले होते आणि ते रोजच्या वजनाचा गोषवारा शेठजींना मेल करायला पाहत होतं. त्याला ५८७ आणि वेगळं खातं टाकून दिलं. आयपी स्पॅमहाउसवर टाकून पाहिला, कुठंच नाही. मुनीमजीला म्हटलं पाठवा रिपोर्ट, त्यांनी पाठवला, आणि आम्ही दोघं चहा येईपर्यंत तिथंच बसून राहिलो, कोइम्बतूरहून "मिळाला" असा मेल आला तेव्हा उठलो.